तो अशक्तपणा नव्हता

माकुणसार

प्रिय समिधा,

फोन केला असता, पण फोनवर तू डॉक्टर होतेस आणि मी पेशंट. 'चल गं, बाहेर माणसं थांबलीत' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तुला मधेच बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. आधी खुशाली सांगते. मी बरी आहे. परवा रामनाथच्या मामेबहिणीच्या हळदीला गेले, सतरंजीवर मांडी घालून सगळ्यांबरोबर बसले, जेवले, पोटभर पाणी प्याले, आणि उठताना मागे वळून सतरंजी पाहिली नाही. यात काय सांगण्यासारखं, असं तुला वाटेल. घरी येऊन मी रडले.

सफाळ्याच्या शाळेत आपण दोघी सायकलने जायचो. तू पुढे, मी मागे, कारण कुत्रं भुंकलं की तू सायकल तिथेच टाकून द्यायचीस आणि ती मला उचलावी लागायची. तू डॉक्टर होऊन परत आलीस, पालघरला दवाखाना काढलास, तेव्हा अर्धा गाव टेम्पो करून आला होता. दारावरचं सोनचाफ्याचं तोरण मी ओवलं होतं, आमच्या वाडीतल्या फुलांचं. पुढे माझ्या गर्भपिशवीत गाठी झाल्या, अंगावरून जाणं थांबेना, तेव्हा रामनाथ म्हणाला होता, मुंबईला दाखवू. मी त्याच्यावर चिडले. माझी समिधा असताना मी परक्या हाताखाली का जाऊ? ऑपरेशनच्या टेबलावर तू माझं नाक चिमटीत धरलंस आणि म्हणालीस, "भावे, डोळे मीट बघू." मी मिटले. इतक्या भरवशाने मी दुसऱ्या कुणाच्याच सांगण्यावरून डोळे मिटले नसते.

पिशवी काढली, टाके सुकले, मी घरी आले, आणि मग ओलं व्हायला लागलं. लघवीला लागल्याची जाणीव नाही, कळ नाही, नुसतं वाहायचं. बसले तरी, उभी राहिले तरी, झोपेतसुद्धा. मी तुझ्याकडे धावत आले. तू टेबलाच्या पलीकडूनच ऐकलंस. तपासलं नाहीस. "अशक्तपणा आहे. स्नायू सैल पडलेत. व्यायाम कर, बरी होशील." पुन्हा आले तेव्हा म्हणालीस, फार विचार करतेस, मनाचं आहे. त्यानंतर आले तेव्हा बाहेरच्या मुलीने सांगितलं, मॅडम कामात आहेत. आणि मी वेडी, घरी येऊन व्यायाम करत राहिले! ओटीवर आडवी पडून, तू सांगितलास तसा, अंग आवळत आणि सोडत. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. तू खोटं बोललीस, आणि मी ते खोटं औषधासारखं नेमाने घेत राहिले.

मधल्या दिवसांत मी कशी जगले ते तू कधी विचारलं नाहीस, तर आता ऐक. बोईसरच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. जुन्या साड्या फाडून घड्या करायच्या, पिशवीत कोंबायच्या, जेवणाच्या सुट्टीत बदलायच्या. मांड्या सोलून निघाल्या होत्या, चालताना आग व्हायची. पाणी पिणं मी जवळजवळ सोडलं, तरी वास येतच राहिला. आमच्या लाइनवर सलोनी म्हणून गोरखपूरची मुलगी होती. तिने काही विचारलं नाही. सुट्टी झाली की एवढंच म्हणायची, "दीदी, आप आगे चलो, मैं पीछे हूँ," आणि माझ्या पाठीला चिकटल्यासारखी गेटपर्यंत यायची, कुणाला साडी दिसू नये म्हणून. पण वास कुणाच्या आड लपत नाही. एक दिवस सुपरवायझरने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ताई, काही दिवस घरी आराम करा." काम गेलं. देवळात जाणं मी आपणहून सोडलं. रामनाथने अंथरूण वेगळं केलं नव्हतं, ते मी केलं.

वाटलं होतं, माई तर मला धारेवर धरतील. तुला आमच्या माई माहीत आहेत, सासू म्हणून त्यांनी मला मीठ जास्त पडल्याचंही कधी सोडलं नाही. पण माझ्या चादरी त्याच धूत होत्या, मी हात लावायच्या आत. एकदा विहिरीवर त्यांनी ओली चादर दगडावर अशी आपटली, की शेजारची बाई दचकून उभी राहिली. "अशक्तपना, अशक्तपना! अशक्तपनानं मानूस चक्कर येऊन पडतं गो, असं दिवसरात गळत नाय. हिची वाट कोनीतरी चुकवली हाय." आणि तशाच ओल्या हातांनी घरात येऊन त्यांनी रामनाथला सांगितलं, हिला उद्याच मुंबईला न्यायची.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी काय केलं सांगू? नळीने मूत्राशयात निळं पाणी सोडलं, खाली पाळीच्या वाटेत स्वच्छ कापसाची गुंडाळी ठेवली, आणि थोडं चालायला लावलं. कापूस निळा झाला. बस्स. एवढंच. त्या म्हणाल्या, "मूत्राशयाला भोक आहे. गर्भाशय काढताना इजा झाली असणार." मी विचारलं, म्हणजे अशक्तपणा नाही? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी तुझं नाव घेतलं नाही.

नंतर दुर्बीण आत घालून भोक पाहिलं, ते अगदी खोल आणि अडचणीच्या जागी होतं. पोट पुन्हा आडवं फाडण्यापेक्षा रोबोटने करू, असं त्या म्हणाल्या. आमची बोबडीच वळली. रामनाथ तारापूरच्या कॉलनीत वायरमनचं काम करतो, त्याने पहिला प्रश्न केला, "मॅडम, मधेच लाइट गेली तर?" त्या हसल्या, आणि लाइट गेली तरी यंत्र कसं चालू राहतं ते त्यांनी त्याला नीट समजावलं. माईंनी विचारलं, "ते यंतर एकटंच शिवनार का?" "नाही आजी," बाई म्हणाल्या, "शिवणार मीच. माझे हात जिथे मावत नाहीत, तिथे त्याचे बारीक हात मावतात, एवढंच." पोटावर लहानलहान छिद्रं, आतून मूत्राशय शिवलं, मधे पोटातल्याच चरबीचा पदर घातला. पुढे काही आठवडे नळी होती. ती काढल्यावर मी खाटेवर बसून राहिले, हलायला भीत होते. बऱ्याच वेळाने पोटात एक कळ आली, ओळखीची. मी ओरडले, "माई, मला लघवीला लागली!" सगळा वॉर्ड बघायला लागला. माई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मंग जा की, सांगतेस काय!"

समिधा, भोक पडलं म्हणून मी तुझ्यावर रागावलेले नाही. गाठी मोठ्या असल्या, मूत्राशय चिकटलेलं असलं, की चांगल्या हातांकडूनही असं होतं, हे त्याच बाईंनी मला सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं, तुझ्यासाठी. पण तो निळा कापूस तुझ्या केबिनमध्येही ठेवता आला असता. तू ठेवला नाहीस, कारण तो निळा झाला असता, आणि मग तुला तोंड उघडावं लागलं असतं. तुझी इभ्रत कोरडी राहावी म्हणून मी वर्षभर ओली राहायची का? रामनाथला तक्रार करायची होती. मीच अडवलं. म्हटलं, बरी झाले ना, सोड, ती माझीच आहे.

आता का लिहिते आहे ते सांगते. मंगळवारी मी पालघरच्या एसटी स्टँडवर होते. बाकावर एक बाई बसली होती, दोन्ही बाजूंची माणसं उठून गेली होती. तो वास मला कुणी सांगायला नको. मी जाऊन तिच्याजवळ बसले. मंगळी तिचं नाव, जव्हारकडच्या पाड्यावरची, माझ्या लेकीपेक्षा, मोनालीपेक्षा जेमतेम चार पावसाळे मोठी असेल. तिचंही ऑपरेशन तुझ्याकडेच झालेलं. नवऱ्याने गोठ्यात झोपायला घातली होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? ती खाली बघून बोलली, "अशक्तपना हाय, बरी होशील, असं बोलली." माझंच वाक्य, समिधा, शब्दाला शब्द! तेव्हा कळलं, मला सांगताना तू घाबरली नव्हतीस, तुला ते पाठ होतं. सध्या मंगळी माझ्या घरी आहे, तिचं डोकं विंचरायला माई बसल्या आहेत. मुंबईच्या बाई तिला तपासायला तयार आहेत. पण त्याआधी, सोमवारी, तुझ्या दवाखान्याच्या वेळेत, मी तिचा हात धरून तुझ्याकडे येणार आहे. तिला आत घे, तपास, आणि हे कुणाकडून, कसं झालं ते तिला कळेल अशा भाषेत तू स्वतः सांग. तू नाही सांगितलंस तर बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांसमोर मी सांगेन, आणि मला मोठ्याने बोलता येतं, हे तुला शाळेपासून माहीत आहे. मला तुझ्या तोंडून ते कधीच ऐकायला मिळालं नाही. तिला मिळायलाच हवं.

अजून तरी तुझीच,
भावना