डब्यातला पहिला घास

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. माझ्या खारूचा डबा शाळेतून रोज जसाच्या तसा परत येतोय आणि तू हात टेकलेस, हे वाचून मला आधी हसूच आलं, खरं सांगते. तू डबा कसा भरत असशील ते डोळ्यांसमोर आलं. तुझी शिवणकामातली शिस्त तिथेही असणार. गाजराचे तुकडे टेप लावून कापल्यासारखे, काकडीच्या चकत्या सगळ्या एका मापाच्या, उकडलेलं अंडं बरोब्बर मधोमध चिरलेलं. शाळेच्या सूचनाही तू मन लावून पाळत असणार. एक फळ, एक भाजी, तळलेलं नको, पाकिटातलं तर मुळीच नको. तुझं काही चुकत नाहीये गं. खारूबाईंनी नाक मुरडलं तरी मनाला लावून घेऊ नकोस.

एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. पहिलीत असताना खारू काही हिरवं दिसलं की तोंड घट्ट मिटून बसायची. वाटाण्याचासुद्धा धसका घेतला होता. एकदा मी इतकी वैतागले, की तिच्या डब्यातली काकडी उचलून तिच्यासमोर कचकन चावा घेतला आणि म्हटलं, बघ, झालं का मला काही? ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मला खरंच काही होतंय का ते बघत. मग उरलेली काकडी तिने मुकाट्याने खाल्ली. तेव्हापासून तो आमच्या घरचा नियमच झाला. डब्यातल्या एका तुकड्याचा कोपरा मी खायचा आणि मगच झाकण लावायचं. शाळेत डबा उघडला की ती आधी तो तुकडा शोधते, मग बाकीचं संपवते. तिच्या बाईंनी तर एकदा मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे मुलीला उष्टं भरून देतात का? मी सरळ हो म्हटलं. तिचे बाबा पहाटेच्या पाळीला बस घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे आम्हा मायलेकींचा हा उद्योग त्यांना कधी कळलाच नाही.

इथे दवाखान्यात माझंच ताट परत जातं. दोन घास गेले तरी खूप. नर्स मला दटावते आणि मी खारूसारखंच तोंड फिरवते. परवा तू खारूला घेऊन आलीस आणि औषधं आणायला खाली गेलीस ना, तेव्हा ती पलंगावर चढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, आई, बाई सांगतात भाज्या खाल्ल्या की आजारी पडत नाही. तू तर सगळ्या खायचीस, माझ्याही आधी. मग तू कशी आजारी पडलीस? ताई, मी नुसती तिची वेणी सारखी करत राहिले. म्हणून सांगते, हा तिचा हट्ट नाही. ती घाबरली आहे. तिला रागावू नकोस.

आज सकाळी डॉक्टरांनी मला आणि तिच्या बाबांना समोर बसवून सांगितलं, की उपचार आता थांबवू या. चार दिवसांत मला घरी सोडतील, पण ओट्यापाशी उभं राहणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून हे पत्र. उद्यापासून कोपरा तू खा. पण माझ्यासारखा खायला जाऊ नकोस. माझ्या पुढच्या दातांत फट आहे, त्यामुळे चावल्यावर मध्ये एक बारीक पट्टी उरते, आणि खारू नेमकी तीच शोधते. तू सुरीने कितीही कोरलीस तरी ती ओळखेल, आणि मग तुझंही काही खाणार नाही. तू आपला तुझा चावा घे, तिच्यासमोर, चांगला मोठा. झालं का मला काही, असं मात्र विचारू नकोस. गोड आहे की कडू, एवढंच सांग. थोडे दिवस डबा तसाच परत येईल. तरी रोज घेत जा. तिला तुझ्या दातांची ओळख होऊ दे.

तुझीच,
धाकटी