पिवळ्यापोटी पिवळंच

२ मार्च
लिहिण्याचं कारण स्पष्ट नोंदवते. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही आज एक सांगता आणि उद्या म्हणता, मी असं म्हटलंच नव्हतं. म्हणून यापुढे सगळं तारखेनिशी. पुरावा हाताशी असलेला बरा. माझ्या बाजूचा.

३ मार्च, सकाळी ११
साय, म्हणजे आमची पिवळी लॅब्राडॉर, माजावर आहे. कप्तानसाहेबांच्या पिवळ्या नराकडे नेली. काम फत्ते. सगळी पिल्लं पिवळी होतील, हे त्यांना लेखी दिलं. हे भविष्य नव्हे, बीएस्सी आहे. पिवळ्या कुत्र्यात रंगाची दोन्ही जनुकं पिवळी असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. एक जरी काळं असतं, तरी कुत्रं काळं दिसलं असतं. काळं लपत नाही.

श्वानपालक मंडळाची नोंदणी-सचिव म्हणून नियम मीच केला: पिवळ्या जोडीच्या नावावर काळं पिल्लू निघालं, तर मालकाने मादी नीट सांभाळली नाही, सबब वर्षभर मंडळाबाहेर. ग्रंथपालबाई गेल्या साली याच नियमाने गेल्या. रडल्या. नियमाला डोळे नसतात.

४ मार्च
सूनबाई म्हणते, आई, अजून आठवडाभर सायला घरातच ठेवा, दुसऱ्या नराचंही लागू शकतं. सूनबाई बँकेत आहे. एकदा लागलं की दार बंद, एवढं सोपं आहे. सायला मागच्या अंगणात सोडली. भिंतीवर शेजारच्या दंतवैद्यांचा काळा कुत्रा. मी त्याला डांबर म्हणते. हाकलला. तेवढ्यात फोन. मंडळात मला अध्यक्ष करायचं घाटतंय. चाळीस मिनिटं बोलणं झालं. परत आले तर साय आणि डांबर शेजारी शेजारी, गाढ झोपलेले. उगाच बाऊ करतात लोक.

५ मे, सकाळी ६
पहिलं पिल्लू. पिवळं. सांगितलं होतं.
६.४०. दुसरं. ओलं आहे. ओलं असताना काहीही गडद दिसतं.
७.१५. वाळलं. अजून गडद.
९.३०. एकूण सहा. दोन पिवळी. चारांचा रंग अनिश्चित.

६ मे
ह्यांनी विचारलं, अनिश्चित म्हणजे काळा ना? मी उत्परिवर्तन समजावलं. जनुक अचानक बदलतं, लाखात एखाद्या वेळी. हे म्हणाले, मग आपल्याकडे एका सकाळीत चार लाख उरकले म्हणायचे. निवृत्तीनंतर ह्यांना जीभ फुटली आहे.

११ मे
शाम्पू करून पाहिला. चमक आली.

१९ मे
सूनबाई म्हणे एका खेपेच्या पिल्लांना दोन बाप असू शकतात, आई, तुमच्याच कॉलेजच्या पुस्तकात आहे. पुस्तक जुनं आहे. ते पान मी फाडलेलं नाही, सुटलं.

कप्तानसाहेब येऊन बघून गेले. म्हणाले, वहिनी, ती दोन माझ्याकडची, कबूल. बाकीच्यांचं तुम्ही शेजारी विचारा.

२६ मे
दंतवैद्य भिंतीवरून म्हणाले, काकू, आमच्या लेकाची पोरं कधी दाखवताय? दात काढायचाच धंदा, सवय जात नाही. दुर्लक्ष केलं.

२ जून
नोंदवहीत 'नर' हा रकाना कोरा. कप्तानांचा कुत्रा लिहिला तर काळी पिल्लं मला खोटी पाडतात. डांबर लिहिला तर मी स्वतःच मंडळाबाहेर. निर्णय: साय दोनच पिल्लं व्याली. संख्या हा शेवटी मोजणाऱ्याचा प्रश्न आहे.

८ जून
मंडळाची तपासणी. ग्रंथपालबाईंचं वर्ष भरलं म्हणून त्यांनाच पाठवलं. लोकांना तारतम्य नाही. पिवळी दोन दाखवली, चहा दिला. न्हाणीघरातून आवाज आला. नळ गळतो, असं मी सांगितलं. नळ भुंकला.

त्यांनी दार उघडलं, खाली फरशीवर बसल्या, चौघांना मांडीवर चढू दिलं. मी नियमाची प्रत आणायला उठले. त्या म्हणाल्या, राहू द्या ताई, पाठ आहे मला. मग म्हणाल्या, मीही तेव्हा थोड्या वेळासाठीच अंगणात सोडली होती.
प्रत सापडली नाही. नीट शोधलीही नाही.

१४ जून
अध्यक्षपदासाठी माझं नाव नाही. मीच नको म्हणणार होते. पत्र आधी त्यांचं आलं, इतकंच.

३० जून, दुपारी ४
दिल्याची नोंद.
पिवळी पिल्लं दोन: कप्तानसाहेबांना.
काळी चार: दंतवैद्यांना. एक त्यांना, तीन त्यांच्या पेशंट मंडळींना. सगळ्यांना जंताचं औषध दिलेलं आहे.
मंडळाचा शिक्का एक, शाईची गादी एक (वाळलेली), कपाटाची किल्ली एक, नोंदवह्या तीन: ग्रंथपालबाईंना. कारण: प्रकृती.
पिल्लांची पोच चालू नोंदवहीतच घेतली. दंतवैद्यांनी सही 'नराचे मालक' या रकान्यात केली. रकाना चुकला, असं मी म्हटलं नाही. वही तशीच ग्रंथपालबाईंच्या हातात दिली.