दोन डॉक्टर पुरे

३ मार्च
जहाजावरून कायमचा घरी आलो, असं मानायला हरकत नाही. बोटीच्या किचनमध्ये मी आणि सूपचं पातेलं एकदमच घसरलो. सूप गेलं, माझा उजवा खांदाही गेला. इतकी वर्षं बोटीवर कूक आहे, पण असा योग पहिल्यांदाच. हिला सांगितलं, करारात अपंगत्वाची भरपाई आहे, आता बसून खायचं. ही म्हणाली, आधी खांदा बरा होऊ द्या. हिला दूरदृष्टी नाही.

१८ मे
कंपनीच्या डॉक्टरने 'कामाला फिट' असा शेरा मारला. मजा आली. तो अनफिट म्हणाला असता तर लढायला काय उरलं असतं? संकल्प : उद्यापासून करार रोज वाचणे.

१९ मे
करार वाचायला घेतला. पहिल्याच पानावर डोळा लागला. मुख्य मुद्दे समजले.

२ जून
माझा स्वतःचा डॉक्टर गाठला. फार विद्वान माणूस. 'कायमचा अनफिट' असं लिहून दिलं. फिजिओचे व्यायाम आजपासून बंद. केस चालू असताना बरं होणं धोक्याचं.

८ जून
मेव्हणी वकील आहे. तिचं म्हणणं, दोन डॉक्टरांचं जुळत नसेल तर कंपनीला कळवून दोघांच्या संमतीने तिसरा डॉक्टर नेमायचा. त्याचा शब्द अखेरचा. तसं केलं नाही तर कंपनीच्या डॉक्टरचंच खरं धरतात. मी म्हटलं, एकास एक म्हणजे बरोबरी, आणि बरोबरीत सहानुभूती आजाऱ्याला.
"भावोजी, ही फुटबॉलची मॅच नाही," म्हणाली.
पोरगी हुशार आहे, पण समुद्र पाहिलेला नाही. दावा मीच दाखल केला.

२० जून
आरामखुर्ची ऑर्डर केली. मागे रेलते, पायही वर उचलते. आनंदाने सोसायटीच्या जिन्यात शीळ घातली. मग आठवलं, लंगडायचं का? नाही, खांदा आहे. उगाच घाबरलो.

११ सप्टेंबर
सुनावणी. साहेबांनी विचारलं, तिसऱ्या डॉक्टरकडे गेला होतात का?
"दोन पुरे झाले, साहेब," मी म्हणालो.
त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. छाप पडली! बाहेर कंपनीच्या वकिलाने स्वतः होऊन हात मिळवला. मिळवताना खांद्यातून कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं मी भारावलो.

६ ऑक्टोबर
निकाल. कंपनीच्या डॉक्टरचा शेरा कायम. दावा फेटाळला. अपील करणार. नक्की करणार. जेवल्यावर बघू.

९ ऑक्टोबर
कंपनीचा फोन. बोट सोमवारी सुटते, तुम्ही फिट आहात, या. मेव्हणीला फोन केला. तिने बोट किती वाजता सुटते एवढंच विचारलं, तेच लागलं.

१२ ऑक्टोबर
हिने बॅग भरली. दारात मी डावा हात पुढे केला. ही म्हणाली, "उजव्याने उचला ना."
उजव्याने उचलायला गेलो. बॅग जमिनीवरून हललीसुद्धा नाही.
हिने ती उचलली. बॅग घेऊन पुढे जिना उतरायला लागली.