आत्याचं शेवटचं प्रकरण

मंगळवार, ४ मार्च
वरच्या मजल्यावर फरशी कापताहेत. सकाळपासून घर्रर्र! आणि मला कादंबरीची प्रुफं मोठ्याने वाचल्याशिवाय चुका दिसत नाहीत — तीही विरामचिन्हांसकट. प्रकाशकांनी बजावलंय, "शुक्रवारी नाही आलं तर पुढचं काम दुसऱ्याला." नवरा म्हणाला, "कॅफेत जा ना." जणू मी मनातल्या मनात वाचणारी बाई आहे.

बुधवार, ५ मार्च
पहिल्या कॅफेत गाणी इतकी मोठी की माझाच आवाज मला ऐकू येईना. दुसऱ्यात पाय लोंबकळत ठेवायच्या खुर्च्या. तिसऱ्यात शिरले आणि जीव भांड्यात पडला. गल्लीच्या टोकाला, सहा टेबलं, खिडकीशी गुबगुबीत खुर्ची.

दबक्या आवाजात सुरुवात केली — "आत्याने सुरी उचलली स्वल्पविराम आणि हळूच दार लावलं पूर्णविराम". शेजारचा विमा एजंट समोरचं गिऱ्हाईक सोडून माझ्याकडेच बघायला लागला. मालकीणबाई आल्या. आता हाकलणार! तर म्हणतात, "जरा मोठ्याने वाचा की. मागे ऐकू येत नाही."

गुरुवार, ६ मार्च
आज सगळेजण टेबलं सरकवून बसले होते. आत्या भलतीच लाडकी झालीय — बहात्तर वर्षांची, तोंडाळ, भाच्याच्या खुनी सासऱ्यामागे हात धुऊन लागलेली. एक आजोबा तर माझ्याआधीच "पूर्णविराम" म्हणतात. मलाही चेव आला. सासऱ्याला घोगरा आवाज दिला. दीडशे पानांचा फडशा पाडला!

शुक्रवार, ७ मार्च
पान २११. आत्या मरते. मला ते दोन ओळी आधीच दिसलं. वर पाहिलं, तर नऊ चेहरे. मालकीणबाई हातातलं फडकं पिळत उभ्या. माझ्याच्याने वाचवेना. मग सरळ थाप मारली — "आत्याने डोळे उघडले पूर्णविराम मेले नाही मी अजून स्वल्पविराम माझा चष्मा द्या पूर्णविराम".

टाळ्या! एजंटाने सगळ्यांना कॉफी पाजली. सहा वाजता गठ्ठा प्रकाशकांच्या हातात दिला.

शनिवार, ८ मार्च
दात घासताना आठवलं आणि ब्रश तोंडातच राहिला. वाचते एक आणि कागदावर दुसरंच दिसलं की माझा हात आपोआप दुरुस्त करतो. वीस वर्षांची सवय. पान २११ वर आत्याचं मरण मी खोडलंय. समासात माझी थाप. सुवाच्य अक्षरात!

प्रुफं तपासणाऱ्याने लेखकाचा शेवट बदलायचा म्हणजे शिंप्याने पँटऐवजी गिऱ्हाइकाचा पायच आखूड करायचा. प्रकाशकांना फोन लावला. गठ्ठा लेखकाकडे गेलासुद्धा. संपलं माझं काम. रडू आलं.

रविवार, ९ मार्च
फोन नाही. जेवण गेलं नाही.

सोमवार, १० मार्च
लेखकाचा फोन. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "थांबा ताई. ती माझी खरी आत्याच होती. गेल्या वर्षी गेली. मला दुसरा शेवट सुचतच नव्हता." मग म्हणाला, "प्रकाशकांना सांगितलंय, त्या पानाला हात लावायचा नाही. जगू दे तिला."