गाडी नसलेलं गॅरेज

आप्पा,

पेणला आम्ही घर घेतलं त्यात बिल्डरने एक गॅरेज दिलं. गाडी आमच्याकडे तेव्हा नव्हती, आताही नाही. शेजारच्या वहिनींनी दोन दसरे ओळीने विचारलं, "मग, गाडी कधी येतेय?" तिसऱ्या दसऱ्याला त्यांनी मला ड्रिल मशीनला झेंडूचा हार घालताना पाहिलं. तेव्हापासून त्या मला काही विचारत नाहीत, जे काही आहे ते इतरांना सांगतात. तुमचे जावई रोज संध्याकाळी शटर अर्धं वर करून आत डोकावतात आणि "चहा" एवढंच म्हणतात. हवाय की केलाय, ते त्या एका शब्दावरून आजवर कळलेलं नाही.

सगळं एकदम मांडलं नाही. एकदम मांडलेलं दुकान असतं, असं तुम्हीच म्हणायचात. आधी फळी आली. गणपती संपल्यावर हमरापूरचे मूर्तींचे कारखाने रिकामे होतात, तेव्हा एका कारखान्यातून जाड सागवानी फळी उचलून आणली. तिच्यावर वीस-पंचवीस हंगामांचे रंग सांडलेले आहेत. पितांबराचा पिवळा, मुकुटाचा सोनेरी, उंदराचा राखाडी. कारखानदार म्हणाला, "बाई, रंधा मारून देतो, साफ होईल." मी म्हटलं, साफ हवी असती तर नवीनच घेतली असती. मग धाटावच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचं लोखंडी कपाट भंगारवाल्याकडे मिळालं. त्याच्या दारावर आतल्या बाजूने कुणीतरी खिळ्याने कोरलंय, "शिव्या देऊ नये", आणि त्याखाली दुसऱ्या हाताने एक शिवी. ते मी घासून काढलेलं नाही. दिवाळी अंकांसाठी लोकांची अब्रू काढणारं माझं लेखन त्या कपाटाकडे पाहूनच सुचतं. स्क्रू आईच्या पापडांच्या डब्यांत आहेत. आणि समोरच्या भिंतीवर, तुम्ही करायचात तसं, प्रत्येक हत्याराची आकृती निळ्या रंगाने काढलेली आहे. हातोडीच्या जागी हातोडी, कानशीच्या जागी कानस. काही आकृत्या अजून रिकाम्या आहेत. मी आधी जागा काढते, मग वस्तू शोधते. लग्नं जमवतात तशी.

पण टोकन ठेवलेलं नाही. माझ्या गॅरेजमध्ये कुणालाही टोकन नाही. ज्याला पक्कड हवी तो नेतो. पेणमध्ये लोक पक्कड परत आणत नाहीत, पापड आणून देतात, चालतं.

तुमच्या शेडमध्ये टोकनशिवाय टाचणी हलत नव्हती. तुम्ही कंपनीच्या टूल स्टोअरला. तिथली पद्धत अशी की कामगाराने आपल्या नंबराचं पितळी टोकन द्यायचं आणि हत्यार न्यायचं. हत्याराच्या खिळ्यावर तोवर ते टोकन लटकतं. परत केलं की टोकन परत. तुम्ही ती पद्धत रोह्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जशीच्या तशी आणलीत. एक नंबर तुमचा, दोन आईचा, तीन माझा. आईने तिचं टोकन पहिल्याच आठवड्यात शेगडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं आणि म्हणाली, "ह्याचा उपयोग झाला बाई." माझं मात्र शेडच्या दाराशी खिळ्यावर, तुमच्या टोकनाशेजारी. पाना हवा, टोकन लाव. पेचकस हवा, टोकन लाव. "माणूस विसरतो," तुम्ही सांगायचात, "टोकन विसरत नाय. खिळ्यावर काय हाय ते बघायचं, वाद घालायचा नाय."

तुमच्या भिंतीवरचं सगळ्यात मोठं देवस्थान म्हणजे तो मायक्रोमीटर. कंपनी सोडून जाताना एका साहेबाने तुम्हाला बक्षीस दिलेला. केसाची जाडी मोजणारं ते यंत्र तुम्ही माझ्या हातात दिलंत तेव्हा मी सातवीत असेन. मला तो रविवार दिसतो. स्वयंपाकघरात आई पोह्याचे पापड लाटतेय, आत्या उंडे करून देतेय, मी मध्ये बसून एकेक पापड मोजतेय आणि तुम्ही दारात उभे राहून आकडा विचारताय. मी वाचते. तुम्ही पुढे येऊन बघता. बरोबर. पुन्हा वाचते. पुन्हा बरोबर. आत्या वैतागून म्हणते, "दादा, हा पापड खायचा हाय का इमानाला लावायचा?" आई हसून हसून लाटणं खाली ठेवते. तुम्ही हसत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "हिचा हात स्थिर हाय." नंतर लेखनाची बक्षिसं बरीच मिळाली, शाली आल्या, नारळ आले. एवढं सरळ कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

म्हणून दहावीनंतर मी आयटीआयचा फॉर्म आणला. फिटर. त्या बॅचला मुलगी एकही नव्हती, पण फॉर्मवर तसा काही रकाना नव्हता. पालकाची सही तेवढी हवी होती. तुम्ही तो दोनदा वाचलात, घडी घातलीत, सदऱ्याच्या खिशात ठेवलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी करतो."

सकाळी शेडमधून हाक आली. मायक्रोमीटरची निळी आकृती रिकामी, आणि तिच्या खिळ्यावर तीन नंबर.

"कुठाय?"

"मी नाही घेतला, आप्पा."

"मग हे कुणाचं टोकन?"

"माझं. पण मी नाही लावलं."

"टोकन आपल्या पायाने चालत गेलं?"

मी शोधायला लागले. शेड, माळा, भाताची कणगी, परसातला केळीचा चर. पाऊस लागलेला, मी चिखलात हात घालून बसलेली. आत्या ओटीवरून म्हणाली, "बरं झालं गो, हात काळे करायला निघालीवतीस, झाले बघ." तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. आणि आप्पा, चौथ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत असणार, कारण तुम्ही जेवत होतात आणि तुमचा हात थांबला होता. मी ताटासमोर उभी राहून म्हणाले, "मीच कुठेतरी ठेवला असेल. मला आठवत नाही, पण मीच हरवला असेल." मी खोटं बोलत नव्हते. तोवर मला ते पटलेलं होतं. टोकन विसरत नाही, म्हणजे मी विसरले. तुम्ही भात कालवलात आणि म्हणालात, "एक वस्तू सांभाळता येत नाय. कंपनीचं मशीन कसं सांभाळशील?" फॉर्म खिशातून काढून आईकडे दिलात, ठेवून दे म्हणून. मी बी.ए. झाले.

पुढची छत्तीस वर्षं मी वस्तू हरवणारी बाई म्हणून जगले. कुलूप लावून दोनदा परत येते. पर्समध्ये चावी आहे का ते चालत्या बसमध्ये तीनदा पाहते. शाळेत परीक्षेचे पेपर तपासून झाले की गठ्ठा मोजते, बांधते, सोडते, मोजते. घरात कुणाची काहीही वस्तू दिसेनाशी झाली की सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मीही आधी स्वतःचीच झडती घेते. माझ्या लग्नात तुम्ही शिलाई मशीन दिलंत. वरातीच्या गडबडीत मला बाजूला घेऊन म्हणालात, "तेल घालत जा. आणि सांभाळ." त्या "सांभाळ"वर तुम्ही जरा अडखळलात. मला वाटलं, लेक सासरी चाललीय म्हणून गळा दाटला. बापाचा गळा दाटला की लेकीला दुसरं काही सुचत नाही, हा आमचा एकंदरीतच दोष आहे.

तुम्ही गेलात त्याला आता बावीस वर्षं झाली. रोह्याचं घर विकलं तेव्हा शेडमधला वाईस, कामाची वस्तू घट्ट धरणारा तुमचा तो लोखंडी जबडा, स्टोअरमधले तुमचे जोडीदार काका घेऊन गेले होते. परवा दिवाळीनंतर गॅरेजच्या फळीला तोच हवा असं मनात आलं, म्हणून मी त्यांच्या गावी गेले. काका आता ऐंशीच्या पुढचे, कानाने थोडे कमी. वाईस अंगणात होता, त्यावर सुनेचं पायपुसणं वाळत होतं. "ने गो, ने," काका म्हणाले. "आनि थांब, तुझी आनखी एक वस्तू हाय." आत गेले. ट्रंकेचा आवाज आला. बाहेर आले ते तेलकट फडक्यात गुंडाळलेली लाकडी पेटी घेऊन.

मी ती उघडली नाही. वजनावरून कळलं.

"काका, हा तुमच्याकडे कसा?"

"तुझ्या बापाने ठेवायला दिलावता. पोरीचं लगीन झालं की नेतो म्हनला. मग नेलाच नाय. मी पन इसरलो."

"कधी दिला?"

"तू धावी पास झालीस ना, त्याच आठवड्यात. सायकलवरनं भिजत आला. म्हनला, पोरगी फॉर्म घेऊन आलीय, आता हा घरात नको." मग माझ्या तोंडाकडे बघून ते दचकले. "तुला म्हायती नाय? त्यानं सांगितलं असंल असं वाटलं मला."

"का पण? काका, का?"

"शिफ्ट सुटली की फाटकावर पोरं बायांना काय बोलतात, ते आमी रोज ऐकत व्हतो. तुला तिथं नाय धाडायची, एवढंच त्याच्या डोक्यात. तोंडावर नाय म्हनायला जमत नवतं गो त्याला. तू रडली असतीस."

रडले असते ना. एक दिवस रडले असते, आठ दिवस अबोला धरला असता, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि मग कदाचित भांडून गेलेही असते, फाटकावरच्या पोरांना चार अशा ऐकवल्या असत्या की शिफ्ट बदलून घेतली असती त्यांनी. तुम्हाला माझी जीभ माहीत होती. "नाय." एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आप्पा. रोह्यात लहान पोरगंसुद्धा दिवसाला पन्नास वेळा म्हणतं. ते तुम्हाला जड गेलं, आणि पहाटे उठून स्वतःच्या लेकीचं टोकन खिळ्यावरून काढून दुसऱ्या खिळ्यावर लावणं सोपं गेलं. तुमच्या निरोप समारंभाला साहेब म्हणाले होते, इतक्या वर्षांत स्टोअरमधला एक वॉशर कमी झाला नाही. कसा होईल? सगळी अफरातफर तुम्ही घरासाठी राखून ठेवली होती.

मी लोकांना आयुष्यभर सोलत आले. पुढारी, संपादक, साहित्य संमेलनातले हारतुरेवाले. ते सगळे खोटं बोलतात, पण त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवला होता? मी तुमच्या टोकनावर विश्वास ठेवला, माझ्या हातांवर ठेवला नाही. फॉर्मचं मला आता फारसं काही वाटत नाही. कदाचित मी टुकार फिटर झाले असते. पण त्या चौथ्या दिवशी, मी ताटासमोर उभी राहून न केलेला गुन्हा कबूल करत असताना, तुम्ही भात कालवलात. हात थांबला होता तुमचा. थांबला, आणि पुन्हा चालू झाला. त्या थांबण्याचा मला जास्त राग येतो. नसता थांबला तर तुम्हाला काही कळत नव्हतं असं तरी म्हणता आलं असतं.

काकांच्या गावाहून पेणला येईपर्यंत मी बसमध्ये वाक्यं जुळवत होते. पायाशी वाईस, मांडीवर पेटी. आईला सांगायचं, आजच सांगायचं, एकेक वाक्य घासून धार काढलेलं. आई हल्ली माझ्याकडेच असते. गॅरेजच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, वाल सोलते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्याविषयी सांगते. तुमचा दमा, तुमची शिस्त, आणि शेवटी हमखास, "ह्यांच्या तोंडून कधी खोटं निघालं नाय."

मी शटर वर केलं. पेटी फळीवर ठेवली. आई वालांचं ताट बाजूला ठेवून उठली, गुडघे धरत आत आली, झाकण उघडलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"हा तर ह्यांचा! कुठं गावला गो?"

सगळी वाक्यं तयार होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदराने पेटीवरची धूळ पुसायला घेतली होती. धूळ नव्हती तिथे. तरी पुसत होती.

"माझ्याच जुन्या ट्रंकेत होता," मी म्हणाले. "कॉलेजच्या वह्यांखाली. मीच ठेवला आणि विसरले."

"बघ!" आई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "मी म्हनतच होते. ते उगा बोलायचे नाय. आनि तू एवढी वर्सं मनात धरून बसलीस त्यांच्यावर. जा, फोटोपुढं ठेव, माफी माग."

मी ठेवला. माफीही मागितली, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तुम्ही सुटलात असं समजू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि तुमच्यासाठी तर हे मुळीच केलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईकडून तिचं एकुलतं एक खरं वाक्य काढून घेणं मला जमलं नाही. हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आईला वाचता येतं. उद्या फाडीन.

एकच सांगायचं राहिलं. ते खोटं बोलताना, ट्रंक आणि वह्या असं म्हणताना, मला त्या वह्यांखाली तो खरंच दिसला, आप्पा. क्षणभर मला आठवलं की मीच ठेवला होता.