अक्काची ओढ्याकाठची फेरी

२ मार्च

चि. छोटूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या पोटाचा घेर कमी झाल्याचं वाचून हसू आलं, कारण सोबतच्या फोटोत तसं काही दिसत नाही.

इकडे मात्र वाईट झालं. दुकान उघडण्याआधी मी टांकसाळीमागच्या बागेतून ओढ्याच्या वाटेला लागते आणि जुन्या तटबंदीला वळसा घालून दगडी पुलावरून परत येते, हे तुला ठाऊक आहे. दिवसभर गाद्या भरताना कापसाची धूळ छातीत जाते, ती तिथे बाहेर पडते. पुलाखाली खंड्या बसलेला दिसला की मी उगाच खूश होते.

परवा शिंपीणबाई माझ्या थोड्या पुढे होत्या. वळणापलीकडून किंचाळी आली. धावत गेले तर त्या अर्ध्या पाण्यात पडलेल्या. गळ्यातली साखळी ओढून तुटेना, म्हणून त्या मेल्या चोराने त्यांचं तोंड पुलाच्या कठड्याच्या दगडावर आपटलं होतं. मानेचं कातडं सोललं, जबडा मोडला. पडलेले दात ओंजळीत घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, आता या दातांचा काही उपयोग नाही. पण टाकवेनात, म्हणून घरी आणले.

माणूस सापडलेला नाही. माझी फेरी चालू आहे.

वहिनीला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.
तुझी अक्का


७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. फेरी ताबडतोब बंद कर. अर्थात तू ऐकणार नाहीस. लहानपणापासून तुझंच घोडं पुढे. माझं म्हणणं जुनंच आहे: दुकान आणि वरचं घर विकू, तू आमच्याकडे ये. आमच्या गच्चीवर हव्या तेवढ्या फेऱ्या मार, ही काही बोलणार नाही.

तोवर शाळेत पोरांना व्यायामाच्या तासाला शिकवतो ते तुला सांगतो. कापूस झोडायची काठी बरोबर ने. मागून कोणी आलं तर तोंड बघत बसू नकोस. आधी गुडघा, मग कोपर. आणि एक फटका मारून थांबायचं नाही. गाठ सुटेपर्यंत हात थांबवू नका, असं बाबा कापसाबद्दल सांगायचे ना, तसंच.

लोभ वाढू दे, हट्ट कमी होऊ दे.
तुझा छोटू


२१ मार्च

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी विद्या कामी आली. काल पुलाच्या अलीकडे मागून पावलं वाजली आणि खांद्यावर हात पडला. मी न वळताच काठी खालून फिरवली. ओली फांदी मोडावी तसा गुडघ्याचा आवाज झाला. तो बसला, मग कोपरावर दिली, मग पाठीवर, मग कुठे कुठे ते मी बघितलं नाही. तो आईला हाका मारत होता. बागेचा माळी येऊन मला धरेपर्यंत माझा हात चालूच होता.

माणूस तोच. पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा शिंपीणबाईंची साखळी मिळाली. त्याचा पाय आता सरळ व्हायचा नाही म्हणतात. दुकानात कौतुक करायला रीघ लागली आहे. न्हावी तर काठीला हात लावून गेला. शिंपीणबाई तारांनी बांधलेल्या तोंडाने हसल्या.

तुला एक सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मला बरं वाटलं रे. आयुष्यभर कापूस झोडला, तो कधी ओरडला नाही.

आता भीती संपली, तेव्हा घर विकायचा विषयही संपला. तुझ्या गच्चीवर ओढा नाही.

सगळ्यांवर लोभ आहेच.
अक्का


२९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू बचावलीस, जीव भांड्यात पडला. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला चोरापेक्षा तुझी काळजी वाटली. तू तिथे एकटी राहून कोण होत चालली आहेस?

म्हणून मीच ठरवून टाकलं. दलालाशी बोललो, गिऱ्हाईक तयार आहे. निम्मं घर माझ्या नावावर आहे, उरलेल्याची सही तुझ्याकडून मी घेईनच. रविवारी ट्रक घेऊन येतो. काठी सोडून सगळं बांधून ठेव. रुसलीस तर उचलून ट्रकमध्ये घालीन, तुझं वजन ते काय.

राग असला तरी लोभ असू दे.
छोटू


७ एप्रिल

चि. सौ. धाकट्या वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

त्याला न्यायला आलीस तेव्हा तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरोबरच आहे. पण कसं झालं ते माझ्याकडून ऐक.

रविवारी सकाळी घरी कोणी नाही असं बघून तो मला शोधत ओढ्यावर आला. मागून येऊन डोळे झाकायची त्याची खोड तू जाणतेस. तुझ्याही हातून त्याने दुधाचं पातेलं पाडलं होतं. तेच त्याने केलं. डोळ्यांपुढे अंधार झाला. मला वाटलं, त्या चोराचाच कोणी साथीदार आहे. मी काठी चालवली. ओळख पटली तेव्हा तो वाटेवर आडवा पडला होता आणि कोपराचं हाड बाहेर आलं होतं. माझ्याच शालीने मी त्याचा हात बांधला.

चुकून झालं गं. त्याच्या जेवणाची काळजी घे. ट्रक रिकामा परत गेला.

जमलं तर माया तोडू नकोस.
तुझी वन्सं


१८ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. उजवं कोपर आता वाकत नाही. मैदानावरून काढून शाळेने मला ग्रंथालयात बसवलं आहे.

तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. वाचता वाचता रडली आणि तिचा तुझ्यावरचा राग गेला. तो परत येऊ नये म्हणून मी तिला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. पोलिसांनाही अपघात असंच लिहून दिलं.

पण अक्का, पहिला फटका गुडघ्यावर बसला, मी खाली बसलो आणि तू वळलीस. माझ्या तोंडाकडे बघून तू छोटू म्हणालीस. अगदी हळू, लहानपणी मला झोपवताना म्हणायचीस तसं. कोपरावरचा फटका त्यानंतरचा. पाठीवरचे त्याच्याही नंतरचे. ट्रक परत पाठवतो, असं मी ओरडून सांगत होतो.

दलालाला नकार कळवला. माझं निम्मं घर तुझ्या नावावर केलं आहे. तुला तिथून कोणी हलवणार नाही, खुशाल फिरत जा.

मी इथे थोडा थोडा चालतो. मागून कोणी आलं की कडेला होऊन त्याला पुढे जाऊ देतो. तुझा राग येत नाही, खरंच येत नाही. भीती मात्र जात नाही.

लोभ आहे, तो असू दे. लांबूनच असू दे.
तुझा छोटू