अक्कांचा बॉक्स रजेवर

सोमवार, ३ फेब्रुवारी

इरुवेची २.४ आवृत्ती आज गेली एकदाची. बदलांची यादी मीच लिहिली. टीमचा प्रमुख मुरली म्हणाला, "शॉर्ट में लिखो, कोई पढ़ता नहीं." लिहिलं. मेमरी निम्मी लागणार. अपडेटला सगळं पॅकेज नाही, बदललेला तुकडाच उतरणार. नवीन बिघडलं तर बॉक्स आपला आपण जुन्यावर परत जाणार. आणि शेवटचं: दहा दिवस संपर्क नसलेले बॉक्स यादीतून आपोआप बाद.

शेवटचं माझं. चार वर्षं घरी बसल्यानंतर केलेलं पहिलं काम. मनातल्या मनात मी त्याला झाडलोट म्हणते.

नवऱ्याला, नितीनला, सांगितलं. म्हणाला, "घरात कधी झाडू धरला नाहीस, तिकडे बरी झाडलोट सुचली." हा कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागतं. इरुवे हे आमच्या सॉफ्टवेअरचं नाव, कन्नडमध्ये मुंगी. खेड्यात नेट जातं-येतं, म्हणून काम तिथल्याच छोट्या बॉक्सवर चालायला हवं. बॉक्समध्ये आमचे कंटेनर, म्हणजे डबे. एक डबा हवेचा दमटपणा मोजतो, एक फवारा चालू-बंद करतो, एक कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतो. आम्ही मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसून फक्त डबे पाठवायचे. "टिफिन सर्व्हिस," म्हणाला. असू दे.

गुरुवार, ६ फेब्रु.

के. आर. पुरमहून सकाळच्या गाडीने रत्नम्मक्कांकडे. कोलारच्या अलीकडे त्यांचं रेशीमकिड्यांचं घर. आमचा बॉक्स गावात सगळ्यात आधी त्यांनीच लावून घेतला. अक्का करतात ते मग बाकीचे करतात.

दारातच ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायचे. मग तोंड धुवायला पिटाळलं, कारण मी क्रीम लावलं होतं. अळ्यांना वास चालत नाही. खरं तर आत्ता एकही अळी नव्हती, कोष परवाच काढून झालेत. पण नियम तो नियम. माझ्या कन्नडला हसल्या. "निपाणीचं ना? भांडल्यासारखं बोलतेस."

पीक संपलं की सगळं घर धुतात. अळ्या ठेवायचे बांबूचे तट्टे, जाळ्या, बादल्या, सगळं अंगणात उन्हात. आपला बॉक्सही त्यांनी भिंतीवरून काढला, पुसला, जुन्या साडीत गुंडाळला आणि देवाच्या फळीवर ठेवला. "सगळ्यांची आंघोळ, ह्याची पण." मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. मीही.

सोमवार, १७ फेब्रु.

झाडलोट चालली! चौदा मेलेल्या नोंदी एका दमात साफ. डॅशबोर्ड कसा सारवल्यासारखा दिसतोय. मुरलीने सगळ्यांसमोर नाव घेतलं. निपाणीला फोन करून आईला सांगितलं. तिला काय कळलं देव जाणे, पण म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, जमेल म्हणून?"

आज फार बरं वाटतंय. उगाच घाबरत होते इतके महिने.

मंगळवार, २५ फेब्रु.

सकाळी अक्कांचा फोन. काल नव्या अळ्या आल्या, बॉक्स लावला, दिवा हिरवा होत नाही, पिवळाच. फवारा सुरू होत नाही. मी म्हटलं, "स्वल्प थांबा अक्का, नवीन आवृत्ती उतरत असेल." अगदी ठसक्यात.

संध्याकाळी पुन्हा विचारलं. पिवळाच.

बुधवार, २६ फेब्रु.

यादीत अक्कांचं नाव नाही.

त्या चौदांतलं एक तेच. सहा तारखेला बॉक्स फळीवर गेला, दहा दिवस संपर्क नाही, माझ्या नियमाने त्याला मेलेला ठरवला. परवा तो परत आला, सर्व्हरला म्हणाला मी आलो. सर्व्हरने विचारलं, तू कोण? आणि सगळे डबे रिकामे करायला लावले. तो हुकूम मीच लिहिलाय. मागच्या वर्षी दोन बॉक्स चोरीला गेले होते, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि साडीत गुंडाळलेल्या बॉक्सचा फोटो कोणी काढला होता? मीच. डोळ्यांनी बघितलं, हसले, आणि डोक्यात काडीचा प्रकाश पडला नाही.

नाव परत घातलं. पण डबे पहिल्यापासून उतरवायला हवेत आणि तिथलं नेट मधेच तुटतं. तुकडाच उतरणार वगैरे ठीक आहे, पण जुनं काही उरलंच नाही तर तुकडा कशाचा? दिवसभर वाट बघितली. अर्ध्याच्या पुढे गेलं नाही. उद्या सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन जाते.

गुरुवार, २७ फेब्रु.

गेले. पाय बुडवले. तोंड न सांगता धुतलं.

आत ओली पोती टांगलेली. अक्का आणि त्यांची जाऊ तासातासाला पोती भिजवत होत्या, परवापासून. बाहेर हवा कोरडी ठक्क. तुतीचा पाला टाकला की बघता बघता मलूल होतो, अळ्या तोंड लावत नाहीत. तिसरी कात टाकायची वेळ आलेली, पहिल्या दोन अळ्या घरी आणायच्या आधीच होतात. (तिकडे कातेला ताप म्हणतात. ताप आला की अळ्या खाणं सोडून मान वर करून गप्प राहतात.) सगळ्यांना एकदम ताप आला तर बरं. आत्ता निम्म्या गप्प, निम्म्या चरतायत. गप्प असलेल्यांवर चुना भुरभुरायचा तर खाणाऱ्या उपाशी, खाणाऱ्यांना पाला घालावा तर गप्प असलेल्या खाली दबतात. असं दोनदा झालं तर पीक गेलंच.

अर्ध्या तासात बॉक्स सुरू. हिरवा दिवा. फवाऱ्याने फुस्स केलं. जाऊबाईंनी हात जोडले, बॉक्सला की मला कळलं नाही. मी अक्कांना सगळं कबूल केलं, मीच नाव काढलं होतं म्हणून. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नोडम्मा, बघ बाई, लेक बाळंतपणाला माहेरी गेली तर रेशनकार्डातून नाव कापता का तुम्ही?"

कॉफी दिली, ती प्यायले.

निघताना म्हणाल्या, "हे पीक गेलं तर ही पेटी घेऊन जा. माझी पोती बरी."

परतीच्या गाडीत रडू आलं. अक्कांच्या बोलण्याचं नव्हे. चार वर्षांनी नोकरी शोधायला निघाले तेव्हा किती जणांनी तोंडावर विचारलं, मधल्या काळात तुम्ही होतात कुठे? जणू मेलेच होते. एकट्या मुरलीने ते विचारलं नाही, नुसता लॅपटॉप दिला. आणि मी कामाला लागल्यावर पहिला नियम कोणता केला? दहा दिवस दिसला नाही की बाद. मला माझी लाज वाटते.

शुक्रवार, २८ फेब्रु.

मुरलीला सांगितलं. वाटलं होतं बोलणी खावी लागतील. म्हणाला, "रिव्यू में पास तो मैंने किया था." मग म्हणाला, "सबको फोन करो."

बाकीच्या तेरांना फोन. नऊ खरेच बंद पडलेले किंवा काढून टाकलेले. दोन चोरीचे. उरलेले दोन बॉक्स अक्कांसारखेच, आंघोळ करून फळीवर बसलेले. त्यांच्या अळ्या अजून यायच्यात. वाचलो. दोन्ही नावं परत घातली. झाडलोट तात्पुरती बंद.

पण मुरलीचा मुद्दाही खरा आहे. आलेला प्रत्येक बॉक्स घरचाच, असं धरता येत नाही.

सोमवार, ३ मार्च

मला सोपी युक्ती सुचली होती: काढून ठेवण्याआधी बॉक्सवर एक बटण दाबायचं, "रजेवर जातोय." अक्कांना फोनवर विचारलं. हसल्या. "आंघोळीला जाताना कोण सांगून जातं?" बरोबरच आहे. त्या दिवशी हात चुन्याने भरलेले, शंभर कामं, बटण कोणाच्या लक्षात राहणार? त्यांनी बदलायचं नाही, मी बदलायचं. बटण रद्द.

अळ्या? "ताप उतरला. काही मेल्या. बघू पुढे." आवाज तुटक.

गुरुवार, ६ मार्च

आज मुरलीशी दोन तास वाद. चांगला वाद, फळ्यावर रेघोट्या मारत. ठरलं ते असं:

दिसत नाही म्हणजे मेला नाही, रजेवर. नाव राहील, डबे बॉक्समध्येच राहतील. परत आला की कोणाला न विचारता जुनं काम सुरू, नेट असो नसो. पण नवीन डबा, नवीन हुकूम, आतली माहिती, यातलं काही मिळणार नाही, जोवर आमच्यातलं कोणी घरच्या माणसाला फोन करून "तुमच्याकडेच आहे ना?" विचारत नाही. रिकामा करायचा तो फक्त घरच्यांनी "चोरीला गेला" म्हटलं तरच.

मुरली म्हणाला, "फोन कौन करेगा?" मी म्हटलं, मी. त्याने मान हलवली, म्हणजे हो की नाही हे अजून मला कळत नाही. बहुतेक हो.

संध्याकाळी अक्कांकडून फोटो. चौथा ताप. तट्टाभर अळ्या मान वर करून गप्प. एखाद-दुसरीच चरतेय. खाली एकच शब्द: "सरी", म्हणजे ठीक. तो फोटो मी किती वेळा बघितला!

शनिवार, १५ मार्च

नणंदेच्या साडीसाठी चिकपेटच्या बाजारात. दुकानदार गादीवर रेशमाच्या साड्या एकामागून एक उलगडत होता, नितीन जांभया देत होता, आणि मला आपला तुतीचा पाला दिसत होता. काल अक्कांच्या अळ्या पिकल्या, अंगातून उजेड दिसायला लागला की त्या विणायला तयार. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या बांबूच्या जाळीवर, चढवल्यात. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

पलीकडच्या गल्लीत जाड कापडाची पिशवी शिवून घेतली, बॉक्सच्या मापाची, चेनची. चुन्याची पूड आत जाऊ नये म्हणून. नितीन म्हणाला, "बॉक्सला बाळंतविडा?" म्हणू दे.

शुक्रवार, २१ मार्च

कोष निघाले. मी तिथेच होते. मागच्या खेपेपेक्षा कमी, काही पातळ, पण पीक हाती आलं. अक्कांनी एक कोष कानाशी हलवून दाखवला, आत खुळखुळ. "जिवंत आहे."

बॉक्स भिंतीवर असतानाच २.५ चढवली. मोठ्या बदलांच्या यादीत या वेळी एकच ओळ आहे: "संपर्क तुटलेला बॉक्स रजेवर मानला जाईल." मुरलीने विचारलं, "इतना ही?" इतकंच.

पिशवी दिली. अक्कांनी बॉक्स पिशवीत घातला, चेन लावली, आणि वरून पुन्हा तीच जुनी साडी गुंडाळली. मग म्हणाल्या, "अजून एक पीक बघते. परत ओळखलं नाही तर मात्र बेडा." नको म्हणजे नको, हे त्यांच्या बोलण्यात नेहमी शेवटी येतं.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

गुढी, पुरणपोळी. नितीनने कडुनिंब मागच्या वर्षीसारखाच चुकवायचा प्रयत्न केला. अक्कांचा युगादीचा फोन, त्यांनी आपणहून केला. कडुनिंब-गूळ खाल्लास का विचारलं. तुतीला नवी पालवी आलीय म्हणाल्या. बॉक्सचं मी काही विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

बॉक्सला नऊ दिवस झाले. ऑफिसच्या यादीत त्याच्यासमोर करडा ठिपका. उद्या दहावा.

मंगळवार, १ एप्रिल

अकरावा दिवस. करडा ठिपका, "रजेवर". नाव जिथल्या तिथे. मुरली जाताना माझ्या स्क्रीनकडे बघून गेला. पाठीमागून अंगठा दाखवला.

फेब्रुवारीत वाचलेल्या दोघांपैकी एक बॉक्स (तिथल्या अळ्या लांबल्या होत्या) काल परत जोडला गेला. आपला आपण सुरू झाला. पण ते नेट बरं असलेलं गाव. अक्कांकडे खरी परीक्षा.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी अक्कांचा फोन. काल अळ्या आल्या. घर धुऊन सुकलंय. बॉक्स अजून फळीवरच आहे, दहाला लावणार. मी म्हटलं, मी येते, साडेआठची गाडी मिळेल. "येऊ नकोस. तू आलीस तर तो तुला बघून चालला की स्वतः, मला कसं कळणार?" त्यांचं खरंच आहे. पोती भिजवून तयार ठेवलीयत म्हणाल्या, लागलीच तर.

मग म्हणाल्या, "नाव आहे ना यादीत?"

"आहे, अक्का."

"सरी."

पावणेदहा. मारतहळ्ळीच्या खिडकीतून रिंग रोडची गर्दी. मुरलीने खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतलीय, काम असल्यासारखं दाखवतोय. करडा ठिपका अजून करडाच आहे. हे लिहायचं थांबवते, फोनसाठी हात मोकळे हवेत.